कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेर

२० फेब्रुवारी १९९८. ढाक्याच्या बंगबंधू स्टेडियमवर अबाहनी आणि मोहामेडन या दोन क्लबांचा सामना रंगला होता. भारताकडून चार कसोटी आणि बत्तीस एकदिवसीय सामने खेळलेला रमण लांबा अबाहनीच्या संघात होता. षटकाचे मोजकेच चेंडू उरलेले असताना तो शॉर्ट लेगला जाऊन उभा राहिला. एवढ्यासाठी हेल्मेट कशाला, म्हणून त्याने ते मागवले नाही. मेहराब हुसेनने मारलेला चेंडू थेट त्याच्या डोक्यावर आदळला, आणि तोही इतक्या जोरात की उसळलेला चेंडू यष्टिरक्षकाने झेलला आणि मेहराब बाद ठरला. लांबा खाली पडला, उठला आणि तंबूत परतला. तिथे त्याची प्रकृती ढासळत गेली. डोक्यात साकळलेले रक्त काढण्यासाठी शस्त्रक्रिया झाली, पण २३ तारखेला तो गेला. वय ३८.

ही हकिगत ऐकून बहुतेक जण हेल्मेटबद्दल हळहळतात. मेंदूच्या सर्जनला त्यातले दुसरेच काहीतरी खुपते. लांबा मैदानातून आपल्या पायांनी गेला होता. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या नातेवाइकांकडून हेच वाक्य कॅज्युअल्टीत पुन्हा पुन्हा ऐकू येते: "अहो डॉक्टर, तासाभरापूर्वी तर चांगला बोलत होता." जो बोलत होता आणि आता बोलत नाही, त्याच्या मेंदूला पहिल्या आघाताने कायमची इजा झालेली नसण्याची शक्यता बरीच असते. झाले ते नंतर झाले, आणि जे नंतर झाले ते पुष्कळदा थांबवता येते. या प्रकरणात सांगायचे आहे ते याच मधल्या वेळेबद्दल.

आधी जागेचा हिशेब पाहू. कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १,४०० ग्रॅमचा मेंदू, दीडशे मिलिलीटरच्या आसपास मेंदूजल आणि जवळपास तितकेच रक्त असते. ही पेटी ताणली जात नाही, म्हणून आत एक गोष्ट वाढली तर दुसरीला जागा सोडावी लागते. एडिनबराच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये हा विचार मांडला, पुढे त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी त्याला आधार दिला, आणि न्यूरोसर्जरी आजही त्यावरच उभी आहे. डोक्यात रक्त साचू लागले की आधी मेंदूजल खाली मणक्याकडे सरकते, शिरांमधले रक्त बाहेर ढकलले जाते. ही सवड पुरते तोवर माणूस ठीक दिसतो. चहा पितो, फोन घेतो, "मला काही झालेलं नाही" म्हणून चिडतोही. सवड संपल्यावर मात्र पुढचे थोडेसे रक्तही आतला दाब झरझर चढवते. सकाळपासून हळूहळू साचलेल्या रक्ताचा परिणाम दहा मिनिटांत दिसतो तो यामुळे.

मेंदूवर तीन आवरणे आहेत. सर्वांत बाहेरचा ड्युरा जाड, चिवट आणि कवटीला आतून चिकटलेला. त्याखाली पातळ ॲरॅक्नॉइड. मेंदूच्या पृष्ठभागाला अगदी लगटून असलेला पिया. ॲरॅक्नॉइड आणि पिया यांच्यामधल्या फटीत मेंदूजल खेळते आणि मेंदूच्या मोठ्या धमन्याही तिथूनच जातात. रक्त ड्युराच्या बाहेर, हाडाखाली साचले तर एक्स्ट्राड्युरल. ड्युराच्या खाली साचले तर सबड्युरल. मेंदूजलात मिसळले तर सबॲरॅक्नॉइड. स्कॅनच्या रिपोर्टवर यांपैकी एक शब्द असतो, आणि घरचे लोक तिन्हींना "ब्रेन हॅमरेज" म्हणतात. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूच्या गाभ्यातच रक्तवाहिनी फुटते त्यालाही हेच नाव. एकाच नावामुळे गोंधळ होतो, कारण गाभ्यातल्या रक्तस्रावात मेंदूचा तो भाग तिथल्या तिथे चिरडला जातो. बाहेरच्या रक्ताचे तसे नाही. ते मेंदूला दाबते, आणि दाब वेळेत काढला तर मेंदू सावरतो.

यातला सर्वांत घाईचा आणि सर्वांत बरा होण्याजोगा प्रकार एक्स्ट्राड्युरल. कानशिलाचे हाड बोटाने चाचपून पाहा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यामागे, थोडे वर, कवटीची चार हाडे एकमेकांना भिडतात आणि तिथे हाड फारच पातळ आहे. त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी ड्युराला रक्त पुरवत वर जाते. तिचे नाव मिडल मेनिंजियल. हाडाला तडा गेला की पुष्कळदा तीही चिरते. धमनीचे रक्त जोराने येते आणि ड्युराला हाडापासून सोडवत जागा करते. हाडांच्या सांध्यांपाशी ड्युरा घट्ट चिकटलेला असल्याने हे रक्त फार पसरत नाही, एके ठिकाणी फुगते. म्हणून सीटी स्कॅनमध्ये ते दोन्ही बाजूंनी फुगीर, पांढरे, भिंगाच्या आकाराचे दिसते.

अभिनेत्री नताशा रिचर्डसन हिचा मृत्यू याच प्रकाराने झाला. १६ मार्च २००९ रोजी कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात, माँ-त्राम्ब्लाँच्या बर्फावर, नवशिक्यांसाठीच्या सौम्य उतारावर स्कीइंग शिकताना ती पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हते. जखम दिसत नव्हती. ती हसत-बोलत होती. आलेली रुग्णवाहिका परत गेली. तासाभराने डोके दुखू लागले. मग स्थानिक रुग्णालय, तिथून मॉन्ट्रियल, तिथून न्यूयॉर्क. १८ मार्चला ती गेली, वय ४५. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय परीक्षकांनी कारण नोंदवले: डोक्यावरच्या आघाताने झालेला एपिड्युरल रक्तस्राव. एपिड्युरल म्हणजेच एक्स्ट्राड्युरल. पैसा, ओळखी, मदतीला माणसे, कशाचीच कमतरता नसताना हे घडले. पहिल्या तासात ती बरी दिसली, आणि सगळे तिथेच फसले.

मग बरा दिसणारा माणूस नि खरोखर बरा माणूस यांतला फरक घरी बसून कसा ओळखायचा? जखमेकडे पाहून तो कळत नाही. टाळूची कातडी रक्ताने भरलेली असते, छोट्या खोकेनेही सदरा भिजतो आणि आत काहीच झालेले नसते. उलट टेंगूळसुद्धा नसताना आत रक्त साचत असू शकते. पाहायचा असतो तो बदल. डोकेदुखी कमी होते आहे की वाढते आहे? एकदा उलटी झाली तर थांबावे, दुसऱ्यांदा झाली की निघावे. बोलणे असंबद्ध होते आहे का, गुंगी वाढते आहे का, हाक मारल्यावर जागा होणारा आता हलवल्यावरच डोळे उघडतो का, एका बाजूचा हात मागे पडतो का, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखे किंवा रक्ताळ काही येते का, झटका आला का. यातले काहीही दिसले तर "रात्र काढू, सकाळी बघू" हा विचार सोडून द्यावा. साठी ओलांडलेला माणूस असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, किंवा दारू पिऊन पडला असेल तर काही दिसण्याची वाटही पाहू नये. दारूची गुंगी आणि रक्ताची गुंगी बाहेरून एकसारखीच दिसते. "उतरली की उठेल" म्हणून ओट्यावर झोपवलेली माणसे सकाळी उठलेली नाहीत, असे प्रसंग प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला ठाऊक असतात.

आपल्याकडचे काही उपाय इथे नडतात. बेशुद्ध माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याने आतले रक्त कमी होत नाही. तोंडात पाणी ओतले तर ते फुफ्फुसात जाते. डोके दुखते म्हणून डिस्प्रिन दिली तर ॲस्पिरिनमुळे रक्त गोठणे मंदावते, नेमके ते घडायला हवे असताना. त्याऐवजी महाराष्ट्रात किंवा गोव्यात १०८ फिरवावा, मान न वळवता माणसाला आडवे ठेवावे, आणि उलटी होत असेल तर दोघातिघांनी मिळून मान व पाठ एका रेषेत ठेवत कुशीवर वळवावे. आणखी एक हट्ट सोडायला हवा, तो एक्स-रेचा. एक्स-रे हाड दाखवतो, रक्त दाखवत नाही. "फोटो काढला, नॉर्मल आहे" या वाक्याने आतल्या रक्ताबद्दल काहीही सिद्ध होत नाही. मार लागलेल्याला झोपू द्यायचे नाही, हा समजही अर्धाच खरा. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलेल्याला झोपू द्यावे, पण पहिल्या रात्री सांगितलेल्या वेळांना उठवून नाव, जागा, वार विचारावा आणि दोन्ही हातांनी बोटे घट्ट दाबायला लावावीत.

रुग्णालयात पोचल्यावर जे चालते ते बाहेर थांबलेल्यांना यांत्रिक वाटते. कोणी मोठ्याने हाक मारतो, कोणी खांद्यावर चिमटा काढतो, कोणी डोळ्यांत टॉर्च मारतो आणि एक आकडा बोलतो: तेरा, अकरा, आठ. ही ग्लासगो मोजणी. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्याला चारपर्यंत गुण, बोलण्याला पाचपर्यंत, हालचालीला सहापर्यंत. पूर्ण शुद्धीतला माणूस पंधरा, तळ तीन. आठ किंवा त्याखाली गेला की श्वासनलिकेत नळी घालायची तयारी होते. या मोजणीची खरी किंमत दुसऱ्यांदा मोजताना कळते. बारामतीच्या डॉक्टरने फोनवर "चौदा" सांगितले आणि पुण्यात उतरवताना "दहा" भरले, तर कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

टॉर्च बाहुलीसाठी. दाब वाढून मेंदूचा काही भाग खाली सरकला की त्याच बाजूच्या डोळ्याकडे जाणारी नस चेपते आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी होते. त्याच सुमारास आणखी एक फसवा बदल होतो: रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते. नाडी शांत झाली म्हणून घरच्यांना हायसे वाटते, आणि सर्जन ऑपरेशन थिएटरला फोन लावतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वी कुशिंग यांनी या जोडीचा अभ्यास केला, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

सीटी स्कॅन येण्यापूर्वी या बाहुलीच्या भरवशावर सर्जन कवटीला भोक पाडत असत. मोठी झालेली बाहुली उजवी असेल तर आधी उजवीकडे, आणि तिथे काही मिळाले नाही तर दुसरीकडे. १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटीला तडा गेला, तेव्हा जगात कुठेही सीटी नव्हते. ते बरेच दिवस बेशुद्ध होते. त्यांना ज्यांनी रक्त दिले त्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आणि आपले चंदू बोर्डे व बापू नाडकर्णीही होते. पुढे वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग चांडींनीच १९४९ मध्ये तिथे सुरू केला होता. कॉन्ट्रॅक्टर नंतर पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले, कसोटी मात्र कधीच नाही. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी निघायला १ ऑक्टोबर १९७१ उजाडला. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने तो काढला. या एका यंत्राने भोके पाडून शोधाशोध करण्याचे युग संपवले.

आज एक्स्ट्राड्युरल तीस मिलिलीटरपेक्षा मोठा असेल तर माणूस शुद्धीत असला तरी तो काढावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तीस मिलिलीटर म्हणजे दोन मोठे चमचे. हाडाची एक झडप उघडायची, गोठलेले रक्त शोषून व उचलून काढायचे, रक्त येणारी धमनी जाळून बंद करायची, ड्युरा पुन्हा हाडाच्या कडेला टाक्यांनी बांधायचा म्हणजे पोकळी राहत नाही, आणि झडप जागेवर बसवायची. तोवर दाब रोखून धरायला सलाईनमधून मॅनिटॉल किंवा जास्त मिठाचे द्रावण देतात, पण ती उसनवारी झाली. बाहुली मोठी व्हायच्या आत रक्त निघाले तर माणूस बहुधा आठवड्याभरात आपल्या पायांनी घरी जातो. न्यूरोसर्जरीत इतके स्वच्छ यश फार ठिकाणी नाही.

मार लागल्याबरोबर होणारा सबड्युरल वेगळा आणि वाईट. मोटरसायकल घसरते, डोके रस्त्यावर आपटते, मेंदू कवटीत हिंदकळतो आणि मेंदूवरून ड्युराकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात. इथे मेंदूही खरचटलेला, सुजलेला असतो. रक्त काढले तरी सूज राहते, आणि असे रुग्ण दगावण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. काही वेळा सर्जन हाडाची झडप परत बसवतच नाही. सुजेला बाहेर फुगायला जागा मिळावी म्हणून तो तुकडा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून देतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी काढून डोक्यावर बसवतो. आपल्याकडच्या वॉर्डांत असा एका बाजूने खोलगट डोक्याचा, पोटावर टाके असलेला तरुण पाहायला मिळतो. त्याच्या उशाशी बहुतेक वेळा आई बसलेली असते. तान्ह्या बाळाला रागाच्या भरात गदागदा हलवले तरी त्याच शिरा तुटतात, हे इथेच सांगून ठेवतो.

तिसरा प्रकार सबॲरॅक्नॉइड. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीत शॉन ॲबटचा उसळता चेंडू फिलिप ह्यूजच्या डाव्या कानाखाली, मानेवर लागला. तो हेल्मेट घालून खेळत होता. ६३ धावांवर. मानेतून मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी आघाताने फाटली आणि रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरले. दोन दिवसांनी तो गेला. संघाच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले की हा प्रकार अत्यंत दुर्मीळ आहे. मार न लागता होणारा सबॲरॅक्नॉइड मात्र दुर्मीळ नाही. त्यातले सुमारे ८५ टक्के एका कारणाने होतात: मेंदूच्या तळाशी धमन्यांचे जे कडे आहे त्यावर एखाद्या फाट्यापाशी भिंत कमजोर होऊन छोटा फुगा येतो, त्याला ॲन्यूरिझम म्हणतात, आणि तो फुटतो. शंभरातल्या साधारण तिघा प्रौढांच्या डोक्यात असा फुगा असतो. बहुतेकांचा आयुष्यभरात फुटत नाही. विडी-सिगारेट आणि उपचार न केलेला रक्तदाब फुटण्याची शक्यता वाढवतात.

फुटतो तेव्हा डोके असे दुखते की पूर्वी कधी दुखले नव्हते, आणि ही वेदना मिनिटभराच्या आत शिगेला पोचते. ओझे उचलताना, शौचाला कुंथताना, किंवा नुसते टीव्ही पाहताना. सोबत उलटी, मान ताठ, उजेड नकोसा. काहींची शुद्ध जाते आणि परत येते. मराठी घरात यावर लगेच निदान तयार असते: पित्त. "कालचं जागरण, त्यात ऊन, पित्त चढलंय. उलटी झाली की बरं वाटेल." उलटी होते, थोडे बरेही वाटते, कारण पहिली गळती कधी कधी आपणहून थांबलेली असते. मान ताठ झाली म्हणून कोणी बाम चोळते. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक, आणि दुसऱ्या खेपेला वाचणारे कमी. म्हणून पित्ताचा जुना त्रास असणाऱ्यानेही एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे दुखणे चढत चढत गेले, की एकदम आदळले? आदळले असेल तर सीटी. सहा तासांच्या आत चांगल्या यंत्रावर काढलेला आणि जाणकाराने पाहिलेला सीटी जवळपास एकही रक्तस्राव सोडत नाही. उशीर झाला की रक्त पाण्यात विरघळत जाते, आणि मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढून त्यात पिवळसर झाक आहे का ते पाहावे लागते. "पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा होतो" ही भीती गावोगावी आहे, आणि या तपासणीला नकार देण्याइतकी ती पक्की असते. सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू नसतो, तो बराच वर संपलेला असतो.

फुगा बंद करायचे दोन मार्ग. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये कवटी उघडून फुग्याच्या मानेला चांदीची क्लिप लावली, तिथून पहिला मार्ग सुरू झाला. दुसरा मार्ग इटालियन डॉक्टर गुइदो गुलिएल्मी यांनी १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियात खुला केला: जांघेतून बारीक नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायची. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, २,१४३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात क्लिप लावलेल्यांपैकी ३०.६ टक्के वर्षाअखेर मृत किंवा परावलंबी होते, वेटोळी भरलेल्यांपैकी २३.७ टक्के. म्हणून क्लिप कालबाह्य झाली असे मुळीच नाही. काही फुग्यांची मान इतकी रुंद किंवा जागा अशी असते की क्लिपच बरी. फुगा बंद झाला म्हणजे सुटलो असेही नाही. चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत आसपासच्या धमन्या आकसू शकतात आणि मेंदूचा दुसराच भाग उपाशी पडतो. त्यासाठी निमोडिपिन एकवीस दिवस, ठरल्यावेळी, रात्री उठवूनसुद्धा. बरा दिसणारा रुग्ण आयसीयूतून बाहेर का काढत नाहीत, बिल वाढवायला ठेवलाय का, ही कुजबुज नेमकी याच दिवसांत सुरू होते.

सगळ्यांत जास्त घरांशी संबंध येतो तो जुन्या सबड्युरलचा. वय वाढते तसा मेंदू आकसतो आणि गोटा खोबऱ्यासारखा आपल्या कवटीत मोकळा होतो. मेंदूवरून ड्युराकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. मग बाथरूममध्ये पाय घसरणे, मोटारीच्या दारावर डोके आपटणे, एसटीच्या धक्क्याने समोरच्या दांडीवर आदळणे, एवढेही पुरते. थोडे रक्त झिरपते आणि थांबते. शरीर त्याभोवती पडदा विणते, आणि घोळ त्या पडद्याचाच. त्याच्यात नव्याने उगवणाऱ्या रक्तवाहिन्या इतक्या कच्च्या असतात की त्या आपणहून गळत राहतात, आणि आतले रक्त गोठूही शकत नाही. असे दोन-तीन आठवडे, कधी दोन-तीन महिने चालते. तोवर पडल्याचे सगळे विसरलेले असतात. बऱ्याच रुग्णांना तर पडल्याचे आठवतच नाही.

अप्पा हल्ली एकाच वाक्यावर अडतात. चालताना एका बाजूला कलतात. दुपारी जेवणाच्या ताटावर डुलकी घेतात. लुंगीत लघवी होते. परवा मात्र दिवसभर अगदी पूर्वीसारखे होते, पेपर वाचला, हिशेब विचारला. सून म्हणते, काहीतरी बिनसलंय. मुलगा म्हणतो, अगं, वय झालं. इथे सून बरोबर असते. म्हातारपणाचा विसराळूपणा वर्षानुवर्षे वाढतो. दोन-तीन आठवड्यांत बदललेला आणि रोज वरखाली होणारा माणूस म्हातारपणाने बदललेला नसतो. कधी हात-पाय ढिले पडतात, लोक त्याला वाताचा झटका समजतात, आणि कोणी स्कॅन न करताच ॲस्पिरिन चालू करतो. रक्त दोन्ही बाजूंना सारखेच असेल तर एका बाजूची कमजोरीही दिसत नाही, माणूस नुसता मंद होतो.

तपासणीत एक साधी गोष्ट असते. डॉक्टर म्हणतात, "काका, दोन्ही हात पुढे करा, तळवे वर, जणू कोणी काही देणार आहे. आता डोळे मिटा." अप्पा हात धरतात. दहा सेकंद काही नाही. मग उजवा तळवा हळूच आत वळतो आणि हात खाली घसरू लागतो. अप्पांना ते ठाऊकच नसते, ते आपले दोन्ही हात सारखे धरून आहेत. ते पाहून मुलगा गप्प होतो.

स्कॅनमध्ये रक्त चंद्रकोरीच्या आकाराचे दिसते. ताजे पांढरे, जुने काळसर. दोन-तीन आठवड्यांच्या सुमाराला ते मेंदूच्याच रंगाचे होते आणि घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटते, तेव्हा मेंदूच्या घड्या एका बाजूला दबल्या आहेत का हे बघावे लागते. शस्त्रक्रिया त्या मानाने छोटी. पुष्कळदा जागा बधिर करूनच होते, रुग्ण जागा असतो. केसांचा एक पट्टा काढतात, ड्रिलने हाडाला एक किंवा दोन भोके पाडतात. ड्रिलचा आवाज रुग्णाला आतून ऐकू येतो, म्हणून तो आधीच सांगून ठेवलेला बरा. तळाशी निळसर ड्युरा दिसतो. त्याला छेद दिला की काळपट तपकिरी, पातळ द्रव दाबाने उसळून बाहेर येतो. कोमट सलाईनने पोकळी धुतात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. कित्येकदा टेबलावरच रुग्णाचा पडलेला हात उचलू लागतो. नळी ठेवायची की नाही यावर सर्जनांत बरेच वाद होते. केंब्रिजच्या २००९ मधल्या अभ्यासाने ते मिटवले: नळी ठेवलेल्यांपैकी ९.३ टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, न ठेवलेल्यांपैकी २४ टक्क्यांना. आता दोन दिवस नळी ठेवणे ही रीतच आहे. भोक नको म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भागवण्याची कल्पना बरीच वर्षे रुळलेली होती. ब्रिटनमधल्या २०२० च्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन घेणाऱ्यांची अवस्था सहा महिन्यांनी अधिक वाईट निघाली. त्यामुळे ही चिठ्ठी हातात आली तर का म्हणून विचारायला हरकत नाही.

आणि हे रक्त पुन्हा भरते. पडदा तिथेच असतो, त्याच्या कच्च्या वाहिन्याही. त्यांना रक्त येते ते बरेचसे ड्युराच्या त्याच मिडल मेनिंजियल धमनीतून, म्हणून अलीकडे मनगटातून किंवा जांघेतून नळी नेऊन ती धमनीच बुजवतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ४०० रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेला ही जोड दिल्यावर तीन महिन्यांत पुन्हा शस्त्रक्रिया लागणाऱ्यांचे प्रमाण ११.३ वरून ४.१ टक्क्यांवर आले. चीनमधल्या एका चाचणीत फरक तितका ठळक नव्हता. धमनी बुजवताना क्वचित डोळ्याकडचा किंवा चेहऱ्याच्या नसेकडचा फाटाही बंद होऊ शकतो. सोय मोठ्या शहरांतच आहे आणि खर्चही मोठा, तेव्हा पहिल्याच खेपेला प्रत्येकाने ती मागावी असे मला वाटत नाही. पुन्हा भरलेल्या रक्ताच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सोडता न येणाऱ्या रुग्णासाठी मात्र जरूर विचारावे.

त्या गोळ्यांचा प्रश्न घरी जाताना उरतोच. अप्पांच्या हृदयात स्टेंट असतो म्हणून इकोस्प्रिन, किंवा ठोके अनियमित म्हणून दुसरी कुठली गोळी. शस्त्रक्रियेआधी ती बंद केलेली असते, वॉर्फरिन असेल तर तिचा परिणाम उतरवायला व्हिटॅमिन के आणि गोठण-घटक दिलेले असतात. पुन्हा केव्हा सुरू करायची यावर न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांची ओढाताण होते, कारण एकाला डोक्यातले रक्त दिसते आणि दुसऱ्याला स्टेंटमधली गुठळी. घरच्यांनी आपल्या मनाने ती गोळी चालूही करू नये आणि कायमची बंदही करू नये. दोघांपैकी एकाची तारीख दुसऱ्याला कळवून, डिस्चार्ज कार्डवर ती तारीख लिहून घ्यावी, आणि त्याआधी एक सीटी काढावा.